सर्व्हायव्हल मोड: स्कायरिम की फॉलआउट ४?

दोन्ही गेम बेथेस्डा कंपनीचे. दोन्हींच्या सर्व्हायव्हल मोडमध्ये, म्हणजे तगून राहण्याच्या कठीण प्रकारात, भूक आणि झोप सांभाळायची, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट दुसऱ्या ठिकाणी उडी) बंद. पण छळण्याची तऱ्हा वेगळी.

स्कायरिममध्ये खरा शत्रू थंडी. गारठलात की आरोग्याची कमाल मर्यादाच खाली येते. भुकेने स्टॅमिना (दमसास) आक्रसतो, थकव्याने मॅजिका (जादूची शक्ती). बर्फाळ पाण्यात पडलात तर मरायला ड्रॅगनची गरजच उरत नाही. मग शेकोटी शोधा, गरम सूप प्या. तहान मात्र इथे नाहीच! सेव्ह हवं तेव्हा करता येतं आणि कंटाळा आला तर सेटिंगमधून मोड बंद करून पुन्हा चालूही करता येतो. टांग्याने शहरं गाठता येतात, त्यामुळे जीव मेटाकुटीला येत नाही.

फॉलआउट ४ च्या २०१६ मध्ये बदललेल्या मोडमध्ये अशी दयामाया नाही. तहान आहे, आजार आहेत, बंदुकीच्या गोळ्यांनाही वजन आहे. आणि सेव्ह? बिछान्यात झोपल्यावरच. तासभर इमारत धुंडाळून बाहेर पडताना कुठूनतरी एक मोलोटोव्ह (पेटती बाटली) येतो आणि सगळं मुसळ केरात. असं झाल्यावर मी दोनदा कंट्रोलर खाली ठेवून गपचूप उठलोय. एकदा हा मोड सोडला की त्याच खेळात परतही येता येत नाही.

तरी माझं मत फॉलआउटलाच. तिथे कोपऱ्यातली मळकट गादी दिसली की खजिना सापडल्यासारखं वाटतं. स्कायरिमची थंडी सुंदर आहे, पण दोन-तीन लोकरी कपडे चढवले की तिची सवय होते.