‘नोकरी लावतो’ म्हणाले आणि भावाचं खातं वापरलं

मानसिक आजार असलेल्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींना कंपनीत कामाला लावून देतो, असं सांगणारी एक टोळी गेल्या वर्षी कोल्हापुरात आमच्या घरापर्यंत पोहोचली. टोळी हा शब्द मी विचार करून वापरतेय. फीचे पैसे गेलेच, पण त्यांना फीपेक्षा वेगळंच काहीतरी हवं होतं. घरात असं कुणी असेल तर पूर्ण वाचा. लांबलंय, पण कामाच्या गोष्टी मधल्या तपशिलातच आहेत.

माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा आहे. आयटीआयला फिटरचा कोर्स करताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. आता गोळ्या नियमित आहेत, तब्येत स्थिर आहे. बाजार आणतो, घरचा हिशोब चोख ठेवतो, संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारून येतो. अडतं ते मुलाखतीत. "मधली वर्षं काय केलंस?" असं विचारलं की हा खरं सांगतो, आणि समोरचा "कळवतो" म्हणतो.

तो माणूस आम्हाला एका दवाखान्याच्या फाटकाबाहेर भेटला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. आईशी बोलायला सुरुवात केली तीच मुळी "काकी, असल्या पोरांसाठी कायदा आलाय, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?" अशी. म्हणे प्रत्येक कंपनीला 4 टक्के जागा दिव्यांगांनी भराव्याच लागतात, नाहीतर दंड बसतो. एमआयडीसीतल्या कंपन्या म्हणे माणसं शोधत फिरतायत.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 4 टक्के आरक्षण आहे, पण ते सरकारी आस्थापनांमधल्या भरतीत. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. त्यासाठीही किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, जागा जाहिरातीतून निघतात आणि परीक्षा द्यावीच लागते. खासगी कंपन्यांवर अशी सक्ती नाही. त्यांच्याकडे निदान 5 टक्के कामगार दिव्यांग असावेत म्हणून सरकारने सवलती द्याव्यात, एवढंच कायदा म्हणतो. हे मी नंतर वाचलं. फाटकाबाहेर आईला एवढंच ऐकू आलं की आपल्या पोराला कुणीतरी कामाला घ्यायला तयार आहे. इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

ऑफिस शाहूपुरीत, एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, काचेच्या कपाटात मानचिन्हं. नोंदणी 1,500 रुपये, प्रशिक्षण 15,000 आणि युनिक कार्ड (यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून द्यायचे 3,000, कारण "वर डॉक्टरांना द्यावे लागतात". वर "टक्के कमी पडले तर वाढवून आणतो, ते आमच्याकडं लागलं" हेही. यूडीआयडी कार्डाला एक रुपयाही लागत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते, कोल्हापूरकरांसाठी सीपीआरमध्ये. मानसिक आजाराचे टक्के ठरवताना माणूस स्वतःची काळजी कशी घेतो, इतरांशी कसा वागतो, बोलणं-समजणं कसं आहे आणि काम करू शकतो का, हे बघतात. खोटे टक्के दाखवून दिव्यांगांच्या सवलती घेणं हा त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 91 खाली गुन्हा आहे, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे एजंट सुटतो आणि दाखल्यावर ज्याचं नाव, तो अडकतो. भावाचं कार्ड आधीच निघालेलं होतं, म्हणून ते 3,000 तेवढे वाचले.

प्रशिक्षण म्हणजे एका हॉलमध्ये बसून कांदा-लसूण चटणीची पाकिटं भरायची. वीसेक जण होते. कुणाला मानसिक आजार, कुणी बौद्धिक अक्षमतेची मुलं. पाकिटं भरून, वजन करून, सील करून रोज टेम्पोत जायची. कुणाला एक पैसा मिळत नव्हता, कारण हे "शिकणं" होतं. शिकवणारं मात्र कुणी नव्हतं. भावाच्या रात्रीच्या गोळीनं सकाळी दहापर्यंत डोळ्यावर झापड असते. तिथल्या सरांनी त्याला चारचौघांत "आळशी" म्हणून उभं केलं. ज्यांना हे काम खरोखर येतं ते औषधाची वेळ पहिल्यांदा विचारतात. यांनी पहिल्या दिवशी विचारलं काय? तर आधार, पॅन आणि चार फोटो.

तरीही सांगते, त्या दिवसांत भाऊ बदलला होता. सकाळी न सांगता दाढी करायचा. डबा घेऊन केएमटीच्या बसनं जायचा, आणि कंडक्टर ओळखायला लागला याचं त्याला केवढं अप्रूप! संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसून "आज आमच्याकडं गडबड होती" असं म्हणायचा. आमच्याकडं! बाबा तेवढ्यावरच खूश. एक दिवस पाहुणे आले, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट घातले, हातभर मोठ्या चेकसोबत फोटो काढले. ते फोटो तोंडं न झाकता फेसबुकवर टाकले, खाली "मनोरुग्णांना रोजगार". आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना भावाचा आजार त्या फोटोमुळे कळला. यावर तक्रार केली तर "समाजात जागृती होते ताई" हे उत्तर.

मग नेमणुकीचं पत्र आलं. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली कंपनी, मदतनीस म्हणून, महिना 11,500. पगारासाठी नवीन खातं हवं म्हणून संस्थेनंच एका बँकेत सगळ्यांची खाती उघडून दिली. खात्याला जोडायला नवीन सिम, तेही भावाच्याच नावावर. सिम आणि एटीएम कार्ड संस्थेच्या ड्रॉवरमध्ये, कारण "यांच्याकडनं हरवतंय". कामावर रुजू व्हायची तारीख मात्र पुढं पुढं जात राहिली.

एका रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "आक्का, सर फोनवर कुणाला तरी माझा खातेनंबर वाचून दाखवत होते. मला पाठ आहे तो. माझ्या खात्यात काहीतरी चाललंय."

आईनं माझ्याकडं बघितलं. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ते बघणं कळेल. आजाराची सुरुवातच त्याच्या संशयांनी झाली होती. शेजारी आपलं बोलणं रेकॉर्ड करतात, असं तो तेव्हा म्हणायचा. आईनं संस्थेच्या सरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "काकी, या पेशंटना असं वाटतंच. डोस वाढवून घ्या." आई खरंच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संशय हे लक्षण असू शकतं. पण आधी बँकेत जाऊन या, मग गोळीचं बघू."

मी पासबुक भरून घेतलं. पानं संपली. अनोळखी नावांवरून चाळीस हजार, नव्वद हजार जमा, आणि त्याच दिवशी परराज्यातल्या एटीएममधून काढलेले. काउंटरवरच्या बाईंनी मला आत बसवलं आणि हळूच सांगितलं की याला म्यूल खातं म्हणतात. ऑनलाइन फसवणुकीचे पैसे फिरवायला दुसऱ्याच्या नावावरचं खातं वापरतात. पोलिस माग काढत येतात ते खातेदाराच्या दारात. भावाच्या आयुष्यातलं एकमेव "पगार खातं" या कामाला लागलं होतं.

आमचीच माणसं त्यांना का हवी होती, हे मला तेव्हा उमगलं. स्किझोफ्रेनियाचा पेशंट "माझ्या खात्यात गडबड आहे" म्हणाला तर त्याला गोळी वाढवून मिळते. बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी काही म्हणतच नाही, किंवा म्हटलेलं कुणी ऐकत नाही. असा खातेदार त्यांना कुठं शोधूनही मिळाला नसता.

याच संस्थेच्या नादी लागलेल्या कसबा बावड्याच्या एका काकूंचं नुकसान याहून वेगळं झालं. त्यांच्या मुलीला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे यायचे, ते अचानक बंद झाले. तहसीलमध्ये चौकशी केली तर पैसे जातायत असं उत्तर. झालं असं होतं की नवीन खातं उघडताना आधार त्याच्याशी जोडलं गेलं, आणि सरकारी अनुदान आधार ज्या खात्याशी जोडलंय तिथं वळतं. मुलीची पेन्शन महिनोन्‌महिने ड्रॉवरमधल्या कार्डावरून काढली जात होती. शिवाय काकूंकडून स्टॅम्पपेपरवर "पालक म्हणून सर्वाधिकार" असलं काहीतरी लिहून घेतलेलं. मुलगी 18 वर्षांची झाल्यावर आईसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व मिळतं. नोटरीच्या कागदाला तिथं किंमत नाही. मानसिक आजार त्या कायद्यात येत नाही, म्हणून भावाच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. त्याची सही त्याचीच.

गोकुळ शिरगावला जाऊन आले. पत्रावरच्या प्लॉटवर "भाड्याने देणे आहे" लिहिलेली रिकामी शेड.

पुढचं थोडक्यात. बँकेला लेखी अर्ज देऊन कार्ड बंद केलं, खातं गोठवायला सांगितलं आणि अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतली. ही पोच फार कामाला येते, कारण नंतर परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आलीच, आणि आपण होऊन आधी कळवलं होतं याचा कागदोपत्री पुरावा तोच होता. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिस ठाण्यात तक्रार दिली. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. संचार साथी पोर्टलवर भावाच्या नावावरची सिम बघितली तर एक नाही, तीन निघाली.

जबाब घेताना अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "यांना सगळं समजतं का?" मी म्हटलं, त्यालाच विचारा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो गोळ्यांची वही ठेवतो, आणि त्याच वहीत त्यानं रोजची बस, कोण आलं, कधी कुठं सही घेतली हे लिहिलं होतं. कार्ड कुणी, कोणत्या तारखेला, कुणासमोर ठेवून घेतलं तेही. बाकी आम्हा सगळ्यांच्या जबाबात "बहुतेक" आणि "साधारण" होतं. त्याच्या जबाबात नव्हतं.

आता भाऊ शिवाजी उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये जातो. पालकांच्या ओळखीतून मिळालं. मालकांनी कागद मागायच्या आधी विचारलं, "कुठल्या वेळेला तुला बरं वाटतं?" म्हणून दुपारी दोन ते सहा. कास्टिंगचे बर, म्हणजे ओतीव भागांच्या कडेला राहिलेले कंगोरे, काढायचे आणि भाग मोजून क्रेटमध्ये लावायचे. सुरुवातीला एक जुना कारागीर शेजारी बसायचा, एका वेळी एकच काम दाखवायचा. गर्दीचा आवाज वाढला की भावाला दहा मिनिटं बाहेर चहाला जायची मुभा. पगार फार नाही, पण दर शनिवारी त्याच्या जुन्या खात्यात येतो, आणि कार्ड त्याच्या खिशात असतं. आम्ही या मालकांना एक रुपया दिलेला नाही.

ज्यांच्या मुलांची खाती अशा कुणी "संस्थेनं" उघडली असतील त्यांनी आज पासबुक भरून आणा. मेसेजची वाट बघू नका, मेसेज दुसऱ्याच सिमवर जातायत. आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, तेही बघा. नेमणुकीचं पत्र आलं असेल तर त्यावरच्या नंबरला फोन न करता थेट गेटवर जा आणि मुलाचं नाव सांगून विचारा. नोकरीत भेदभावाची तक्रार असेल तर पुण्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथं लेखी देता येते.

शाहूपुरीतला बोर्ड आता उतरलाय. पण काकूंच्या ओळखीतल्या एका बाईंना इचलकरंजीत अगदी असाच माणूस भेटला. तोच 4 टक्क्यांचा कायदा, तीच चटणीची पाकिटं. तिकडं आणि सांगलीच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर हे त्यांना पाठवा, खातं उघडायच्या आधी.