घर घेताना वकील लावावा का? जळगावातील एका वकिली सेवेचा अनुभव

गेल्या वर्षी जळगावच्या पिंप्राळा भागात आम्ही प्लॉटसह बांधलेले घर विकत घेतले आणि कागदपत्रांच्या तपासणीसाठी शहरातील एका दिवाणी वकिलांची सेवा घेतली. आमच्या मोठ्या काकांचे म्हणणे होते की खरेदीखत दस्तलेखक लिहून देतो, कायद्याने वकिलाची सक्ती नाही, मग पंधरा हजार रुपये कशासाठी घालवायचे? दस्त लिहून नोंदवण्यापुरते हे खरे आहे. परंतु दुय्यम निबंधक कार्यालय दस्ताची नोंदणी करते, विकणाऱ्याची मालकी निर्दोष असल्याची हमी देत नाही. ती खात्री घेणाऱ्यालाच करून घ्यावी लागते.

वकिलांनी मिळकतीच्या मालकीच्या मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला. चालू सातबाऱ्यावर विकणाऱ्या दोन भावांचीच नावे होती आणि तो पाहून आम्ही निश्चिंत झालो होतो. जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावे बदलल्याच्या नोंदी, काढून पाहिल्यावर मात्र असे दिसले की वडिलांच्या मृत्यूनंतर 2009 साली लागलेल्या वारस नोंदीत एका बहिणीचेही नाव होते आणि पुढे ते साध्या अर्जावर कमी करण्यात आले होते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेही नव्हते. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिच्यामुळे कोणाची मालकी जात नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतील हक्क दस्ताने सोडायचा, तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो दस्त नोंदवावाच लागतो. मुलींच्या हक्काचा विषय निघाला की आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीचेच नाव घेतले जाते, पण ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीविषयी आहे. वडिलांनी स्वतः घेतलेल्या प्लॉटमध्ये, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या मूळ कायद्यानेच मिळालेला आहे. लग्न होऊन सुरतेला गेलेल्या त्या ताईंना केवळ संमती देणार म्हणून नव्हे, तर भावांच्या बरोबरीने ‘लिहून देणार’, म्हणजे विकणाऱ्या, म्हणून दस्तात घ्यावे, असा आग्रह वकिलांनी धरला. ताई आल्या, त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या खात्यावर जमा झाली आणि मगच खरेदीखत झाले. फीचे सारे मोल मला या एका कामात मिळाले.

सेवेत उणिवाही होत्या. पंधरा दिवसांत देतो म्हटलेला अहवाल मिळायला पाच आठवडे लागले. महापालिकेची घरपट्टी तीन वर्षांची थकीत होती, ते अहवालात आले नव्हते आणि ती रक्कम शेवटी आम्ही भरली. जागेची हद्दही अशा शोधात तपासली जात नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून स्वतंत्र मोजणी करून घ्यावी लागते.

चूक मात्र आमचीही झाली. आम्ही एक लाख रुपये इसार देऊन सौदापावती केली आणि त्यानंतर वकिलांकडे गेलो. मालकी निर्वेध न निघाल्यास इसार परत मिळेल, अशी अट पावतीत नव्हती. बहीण आली नसती तर ती रक्कम सोडवणे कठीण गेले असते. गृहकर्जासाठी बँकेचे वकीलही तपासणी करतात, हे ऐकून पुष्कळ लोक स्वतःचा वकील टाळतात, परंतु तो अहवाल बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असतो. विकणाऱ्याने सुचवलेला वकील तर मुळीच घेऊ नये.

नवीन फ्लॅट घेणाऱ्यांना महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची बरीच माहिती मिळते, तरी 500 चौरस मीटरपेक्षा मोठी नसलेली जागा किंवा आठपेक्षा अधिक सदनिका नसलेल्या प्रकल्पांना रेराची नोंदणी लागत नाही. जळगाव-धुळ्याकडे एखाद्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या लहान इमारती याच मर्यादेत बसू शकतात, त्यामुळे तेथे वकिलाची गरज अधिक आहे. नंदुरबार जिल्ह्यात प्लॉट घेणाऱ्याने तर मूळ जमीन आदिवासी खातेदाराची होती का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे अशी जमीन बिगर आदिवासी व्यक्तीकडे जाण्यासाठी पूर्वपरवानगी लागते.

आमच्या वकिलांच्या फीमध्ये शोध अहवाल आणि खरेदीखताचा मसुदा होता, वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशीचा खर्च वेगळा पडला. फी ठरवतानाच कोणते कागद तपासले जाणार हे लेखी घ्यावे आणि त्यात घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिलाची थकबाकी आवर्जून लिहून घ्यावी.