तिरितिरी मातांगी बेटावरचं स्वयंसेवेचं काम: जावं का?

परदेशात जाऊन निसर्गसंवर्धनाचं काम करायचं म्हटलं की आधी पॅकेजंच समोर येतात. दोन आठवडे राहणं, पिल्लांबरोबर फोटो, शेवटी प्रमाणपत्र आणि लाखाच्या पुढे गेलेलं बिल. माझ्या भाच्या साताऱ्याहून अशा जाहिराती पाठवून विचारतात, "मावशी, हे चांगलं असेल का गं?" त्यांना मी सांगते की न्यूझीलंडला शिकायला किंवा नोकरीला येणार असलीस तर आधी तिरितिरी मातांगी बघ. मी ऑकलंडमध्ये पेरोलचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी या बेटावर गाइड म्हणून जाते. पगार नाही, प्रमाणपत्राचं तर कधी मनातही आलं नाही.

बेट हाउराकी आखातात आहे, ऑकलंडच्या धक्क्यावरून फेरीबोटीने सव्वा तासाच्या आसपास. आकार 220 हेक्टर. आज तिथे उतरल्यावर पक्ष्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, पण 1971पर्यंत हे चराऊ रान होतं. जंगल जाळून-तोडून गवत केलेलं, ओहोळांच्या कडेला तेवढी थोडी जुनी झाडी उरलेली. ऑकलंड विद्यापीठातल्या जॉन क्रेग आणि नील मिचेल यांनी विचार मांडला की इथे अभयारण्य करायचं, पण लोकांना बाहेर ठेवून नाही, लोकांच्याच हातून. 1984 ते 1994 या काळात शाळेतली मुलं, निवृत्त माणसं, क्लबवाले असे सगळे बोटीने येत राहिले आणि त्यांनी अडीच लाखांहून जास्त झाडं लावली. बेटावरच्या दीपगृहाचे शेवटचे रखवालदार रे वॉल्टर पुढे तिथेच राहिले आणि त्यांनी रोपवाटिका सांभाळली. बियाणंही बहुतेक बेटावरच्याच उरलेल्या झाडांचं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे पावसाळ्यात खड्डे खणून रोपं लावताना मीही उत्साहाने जायचे, पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं काय झालं ते बघायला फारसं कुणी जात नसे. इथे 1988मध्ये 'सपोर्टर्स ऑफ तिरितिरी मातांगी' ही संस्था उभी राहिली आणि ती आजही बेटाचं काम बघते. लावणं दहा वर्षांत झालं, राखणं अजून चालूच आहे.

स्वयंसेवकांना कामं बरीच. गाइडचं काम शिकायला वेळ द्यावा लागतो. आधी जुन्या गाइडांच्या मागे मागे फिरायचं, मग त्यांच्यासमोर बोलायचं, मग आपला गट मिळतो. जोडून सुट्ट्या आल्या की कामाचे वीकएंडही ठरतात. त्यात तण काढणं, पायवाटांच्या पायऱ्या दुरुस्त करणं असलं अंगमेहनतीचं काम असतं आणि मुक्काम बंकहाउसमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक खोल्यांत. झोपायची पिशवी आणि जेवण आपलं आपण न्यायचं.

माझं सगळ्यात आवडतं काम हिहीच्या खाद्याचं. हिही हा चिमणीपेक्षा थोडासा मोठा, मुख्यतः फुलांतल्या मधावर जगणारा पक्षी. नराचं डोकं काळं, कानामागे पांढरी पिसं, छातीवर पिवळा पट्टा. मुख्य भूमीवरून तो नाहीसा झाला होता, फक्त हाउतुरू बेटावर तगला. 1995मध्ये त्याला इथे आणलं. कोवळ्या जंगलात त्याला पुरेसा मध मिळत नाही, म्हणून साखरेच्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात, त्याही जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे मधावरच येणारा दांडगा टुई पक्षी आत शिरू नये. या बाटल्या स्वच्छ ठेवाव्याच लागतात, नाहीतर बुरशी धरते आणि पक्षी आजारी पडतात. मी ब्रशने कडा घासत असते तेव्हा हिही हाताच्या अंतरावर फांदीवर येऊन बसतो, शेपटी वर करून. पायात रंगीत कडी असतात. त्या रंगांवरून कोण, घरट्यासाठी ठेवलेल्या कुठल्या पेटीत जन्मला, हे नोंदवहीत सापडतं. कधीकाळी फक्त हाउतुरूवर उरलेल्या या पक्ष्याची इथली पिल्लं पुढे दुसऱ्या अभयारण्यांत सोडली गेली आहेत.

टाकाहे पक्षी बघून मराठी माणूस थबकतोच. पुण्याच्या पाषाण तलावावरची जांभळी पाणकोंबडी आठवा. हा तिचा जवळचा नातलग, पण कितीतरी जाडजूड, लाल चोचीचा आणि उडता न येणारा. तो संपलाच असं सगळे धरून चालले होते, तोवर 1948मध्ये दक्षिण बेटावरच्या डोंगरात पुन्हा सापडला. इथे तो दीपगृहाजवळच्या गवतात निवांत चरतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पॅकेजच्या जाहिरातीत कधी येत नाही. 1993मध्ये हेलिकॉप्टरमधून विष टाकून इथले किओरे उंदीर संपवले. शाळेची मुलं हमखास विचारतात, "उंदरांचा काय दोष?" दोष त्यांचा नाहीच. ते माणसाबरोबर होडीतून आले. वटवाघळं सोडली तर या देशात जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मुळात नव्हता, त्यामुळे इथल्या पक्ष्यांना उंदरापासून अंडी वाचवायची सवयच नाही. जीव मारण्याची ही गोष्ट घरातल्या संस्कारांमुळे मला जड गेली, अजूनही जाते. तरी मुलांना मी ती गुळमुळीत करून सांगत नाही. हे काम करायचं तर ते ओझंही उचलावं लागतं.

म्हणूनच बोटीवर चढण्याआधीची तपासणी मला अजिबात जाचक वाटत नाही. बॅगेत उंदीर, मुंग्या, बिया नाहीत ना ते बघायचं, बूट ब्रशने घासायचे. आई इथे आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. तिच्या बुटाच्या खाचेत गवताचं एक कुसळ अडकलेलं होतं. तिने स्वतःच पिनेने ते काढलं आणि म्हणाली, "अगं, शेतात तणाचं बी आलं तर आपणसुद्धा असंच बघायचो की." दशम्या आणि चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात होती, कुणी हरकत घेतली नाही. बेटावर जेवण मिळत नाही, कचरापेटीही नाही, सगळं परत आणायचं. वाटल ट्रॅकवरून दीपगृहापर्यंतची चढण तिने सावकाश, थांबत थांबत सहज पार केली.

उणं म्हणाल तर वारं वाढलं की फेरी रद्द होते, ठरवलेला दिवस हातातून जातो. कामाच्या वीकएंडच्या जागा लवकर भरतात. आणि व्हिसाच्या अटी आधी नीट वाचा. राहण्या-जेवणाच्या मोबदल्यात केलेलं काम न्यूझीलंडमध्ये नोकरीच धरलं जातं, मग हातात पैसे मिळोत न मिळोत.

थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांनी गाइड व्हायचा विचार न करता फेरीच्या तिकिटाबरोबर गाइडेड वॉक घ्यावा. तो आम्ही स्वयंसेवकच नेतो आणि त्याचे पैसे बेटाच्या कामाला जातात. माझी पाळी असली आणि गटात मराठी माणसं असली तर मी मराठीतही सांगेन.