गुगलवरची पोस्ट फुकट असते, मी १३,३९९ रुपये मोजले

“ताई, तुमचं लिस्टिंग व्हेरिफाय नाही, आठवड्यात नकाशावरून जाईल,” असा फोन आला की तिथेच कापा. कुठून बोलताय, नाव काय, हे विचारत बसू नका. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं.

गोव्यात म्हार्दोळजवळ आमची शाकाहारी खाणावळ आहे, वर भाड्याच्या तीन खोल्या. गिऱ्हाईक मुख्यतः देवदर्शनाला येणारं, कोल्हापूर, सावंतवाडी, मुंबईकडचं. माघात कवळ्याची आणि मंगेशीची जत्रा असते, तेव्हा उसंत नसते. गुगलवरचं आमचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर खाणावळ शोधली की दिसणारं पान, मीच उघडलं, बोर्ड आणि स्वयंपाकघर दाखवणारा व्हिडिओ पाठवून व्हेरिफायही, म्हणजे धंदा खरा आहे ही पडताळणीही, मीच केलं. पोस्टी मीच टाकायची. खतखतें आणि सोलकढी असलेल्या ताटाचा दुपारी काढलेला फोटो, खाली दोन ओळी, की संध्याकाळपर्यंत फोन यायचे. त्यामुळे “शिकलेली असून फसलीस कशी?” असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी जरा थांबावं. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही तो असल्या फोनला भीक घालत नाही. थोडं कळणारेच सापडतात.

जत्रेच्या तोंडावर माझी एक पोस्ट नाकारली गेली होती. कारण साधं होतं, आता कळलंय: मजकुरात फोन नंबर घातला की पोस्ट अडकू शकते. नंबरासाठी ‘कॉल करा’ हे बटण वेगळं असतं, तेच लावायचं. पण तेव्हा मी वैतागले होते आणि नेमका त्याच वेळी या भामट्याचा फोन. “तुमच्या पोस्टी दिसत नाहीत ना?” मी हो म्हटलं, वर सगळी हकीकत सांगितली. झालं.

पोस्ट टाकता येते याचा अर्थच प्रोफाइल व्हेरिफाय झालेलं आहे. हे मी त्याला म्हटलंसुद्धा! तो म्हणाला, “ते जुनं व्हेरिफिकेशन, आता नियम बदलला.” मला पटलं, कारण २०२१ मध्ये ‘गुगल माय बिझनेस’चं नाव बदलून ‘बिझनेस प्रोफाइल’ झालं तेव्हाही असाच गोंधळ उडाला होता. शिवाय त्याचा सल्ला खोटा नव्हता. सवलत असेल तर ‘ऑफर’ प्रकारची पोस्ट करा, सुरू आणि संपण्याची तारीख घाला. जत्रेसाठी ‘इव्हेंट’ निवडा. पंधराशे अक्षरं चालत असली तरी पहिल्या ओळीतच खोली, जेवण, देऊळ हे शब्द येऊ द्या. हे सगळं बरोबरच आहे, आजही मी तसंच करते. या खऱ्या सल्ल्यावरच तर माणूस विश्वास ठेवतो.

‘व्हेरिफिकेशन आणि रोजच्या पोस्टी’ यांचे ४,९९९ अधिक जीएसटी, म्हणजे ५,८९९ रुपये यूपीआयने गेले. मग ‘पोस्ट वर आणण्याचे क्रेडिट’ म्हणून ७,५०० गेले. असलं क्रेडिट अस्तित्वातच नाही. स्थानिक शोधातला वरचा क्रमांक पैसे देऊन मिळत नाही, हे गुगलच्याच मदतपानावर लिहिलंय. जाहिरात निराळी आणि तिच्यावर तसं छापलेलं असतं. पावती आली, तिच्यावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. गोव्याचे नंबर ३० ने सुरू होतात, २७ म्हणजे महाराष्ट्र, आणि हा म्हणे पणजीच्या ऑफिसातून बोलतोय. मी खाणावळीचा जीएसटी भरते, तरी पावती बघून फोन उलटा ठेवला, कारण कुकरची शिट्टी होत होती.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो क्षण दुसराच. त्याचा ईमेल प्रोफाइलला जोडताना पडद्यावर दोन पर्याय आले, मालक आणि व्यवस्थापक. मी विचारलं, “व्यवस्थापक पुरे ना?” तो हसला. “ताई, व्यवस्थापकाला पोस्ट टाकता येत नाही.” साफ खोटं! व्यवस्थापकाला पोस्ट टाकता येते, जवळजवळ सगळंच करता येतं. लोकांना जोडणं-काढणं तेवढं त्याच्या हातात नसतं. मी ‘मालक’ निवडलं. वर त्याची सूचना, “आता आठवडाभर कशालाही हात लावू नका, सिस्टीम अपडेट होतेय.” नव्या मालकाला पहिले सात दिवस आधीच्या मालकाला काढता येत नाही. तेवढे दिवस मला गप्प ठेवणं हाच त्याचा धंदा होता. त्या आठवड्यात मी एकदा जरी यादीत जाऊन त्याचं नाव उडवलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण जत्रेची गर्दी, पहाटेपासून भाजी-पावाची रांग. कोणाला वेळ?

आठवडा उलटला आणि माझंच प्रोफाइल मला उघडेना. नंबर बदलला होता. आमच्याच खोल्यांच्या फोटोंवर पोस्ट होती, ‘जत्रा ऑफर, आगाऊ भरा, अर्ध्या दरात खोली’. ते मला कळलं कोल्हापूरचं एक कुटुंब रात्री म्हाताऱ्या आजीला घेऊन दारात उभं राहिलं तेव्हा. ३,५०० रुपये त्यांनी आगाऊ भरलेले. खोली दिली, पैसे घेतले नाहीत. लोकांना परत कसं पाठवायचं? भामट्याला फोन केला तर प्रोफाइल परत द्यायचे १५,००० मागितले. ते मात्र दिले नाहीत.

आता तक्रारीचं. बँकेतला माणूस म्हणाला, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार अधिकृत. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणतो, “मालक तुम्हीच केलात ना त्याला? मग चोरी कसली?” कोल्हापूरवाल्यांचे पैसे गेले तर त्यांनी कोल्हापुरात जावं. फोन बाहेरचा, खातं बाहेरचं, आमची हद्द नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून गुन्ह्याची नोंद नाकारता येत नाही, आणि तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६-ड खाली गुन्हा आहे, असं मी वाचून दाखवलं. “तुम्ही वकील काय?” मग म्हणे साहेब कार्निव्हलच्या बंदोबस्ताला. कार्निव्हल संपला, साहेब मीटिंगला. लेखी अर्ज आणा, मग हा नमुना नाही, मग बँकेचा शिक्का आणा, आणि बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. एकाने तर मला समजावलं की रक्कम लहान आहे. लहान! सातशेच्या वर ताटं वाढावी लागतात तेवढा नफा उरायला. आणि या सगळ्या वेळात त्या नंबरावर लोक पैसे पाठवत होते.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. तिथला तक्रार क्रमांक जपा. प्रोफाइल गेलं असेल तर गुगलकडे मालकी परत मागणारी विनंती त्याच दिवशी टाका, प्रोफाइल बळकावणाऱ्याला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. पोस्टी लिहायला मुलगा ठेवलात तर त्याला व्यवस्थापकच करा, पुतण्या असला तरी.

विनंती आणि अपील करून माझं प्रोफाइल परत आलं. पैसे नाहीत. ‘आगाऊ घेऊन खोली दिली नाही’ असे एका ताऱ्याचे शेरे अजून तिथेच आहेत. माघात आमच्या नावाने कोणी आगाऊ भरले असतील तर भरल्याचा स्क्रीनशॉट खाणावळीत आणून द्या किंवा पाठवा. तक्रारीला जोडायचाय, एकटीचा अर्ज कोणी पुढे सरकवत नाही.