फाईल्स मिळाल्या, नावं गेली: फोटोरेक वापरून बघितल्याचा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू फोटोरेक नावाच्या, उडालेल्या फाईल्स परत शोधून देणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरचा आहे आणि मी कॉम्प्युटरवाली नाही, घरात वायफाय अडलं की राउटर बंद-चालू करणारी जी एक असते ना, तेवढीच माझी अक्कल. पण गेल्या महिन्यात लॅपटॉप रिस्टोअर करून मी स्वतःच्या हाताने बारा वर्षांचं सगळं उडवलं, आणि त्यातलं बरंचसं परतही आणलं. त्यामुळे लिहितेय.

झालं असं की लॅपटॉप जुना, 2014 चा, साध्या 500 जीबीच्या हार्ड डिस्कवाला. एक दिवस सुरूच होईना, गोल गोल फिरतोय, परत बंद, परत गोल गोल. सुरू होताना एक बटण दाबलं की कंपनीची रिकव्हरी स्क्रीन येते हे मला माहीत होतं, ती आणली, तिथे ‘रिस्टोअर’ दिसलं आणि मला वाटलं रिस्टोअर म्हणजे कालपरवा जसा होता तसा होईल. वॉर्निंग आली होती, खोटं कशाला बोलू, मी ती वाचली नाही. नेक्स्ट, नेक्स्ट, येस. तासाभराने लॅपटॉप मस्त सुरू झाला, आणि समोर त्या जुन्या विंडोज 8.1 च्या रंगीत टाईल्स! दुकानातून आणला तेव्हा होता तसा. डेस्कटॉप रिकामा, डॉक्युमेंट्स रिकामं, आजीच्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज होती तो फोल्डर गायब.

इथे गोंधळ शब्दांचा आहे आणि तो फक्त माझाच नसणार म्हणून जरा थांबून सांगते. ‘सिस्टम रिस्टोअर’ वेगळं, त्यात विंडोजच्या सेटिंग, ड्रायव्हर, प्रोग्राम मागच्या तारखेला जातात, तुमच्या फोटो-कागदपत्रांना ते हात लावत नाही. ‘रिसेट धिस पीसी’ वेगळं, त्यात ‘कीप माय फाईल्स’ घेतलं तर प्रोग्राम जातात, फाईल्स राहतात, आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घेतलं तर दोन्ही जातं. आणि मी केलं ते फॅक्टरी रिस्टोअर, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून त्यावर कंपनीची मूळ कॉपी. तिन्हीला बोलताना आपण रिस्टोअरच म्हणतो.

दादाला फोन केला. तो पहिलं वाक्य बोलला, ‘बंद कर आधी तो. शटडाऊन वगैरे नको, बटण दाबून धर.’ मला वाटलं ओरडतोय, पण कारण होतं. साध्या हार्ड डिस्कवर फाईल उडाली म्हणजे फक्त तिची नोंद उडते, डेटा जागेवर पडून असतो, जोवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. आणि नवीन विंडोज सुरू झालं की पहिलं काम काय करतं, तर अपडेट उतरवायला घेतं. म्हणजे मी तिथे बसून रडत होते तेवढ्या वेळात तो माझ्या फोटोंवर अपडेट लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकणही न उघडता ‘फॅक्टरी केलंय ना, मग काही नाही मिळत, डिस्क नवीन टाकून घ्या’ म्हणून सांगितलं. परत आणला. मग दादाने हार्ड डिस्क काढली, यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली आणि त्याच्या लॅपटॉपला बाहेरून जोडली, जशी आपण पोर्टेबल डिस्क जोडतो तशी. विंडोजने जोडल्याजोडल्या काहीतरी ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारलं, त्याला नाही म्हणायचं. हे लक्षात ठेवा.

आधी एक पैसेवालं सॉफ्टवेअर बघितलं, नाव नाही घेत. त्याचा धंदा असा की स्कॅन फुकट, फोटो छोटे छोटे दाखवतं पण फुकट, आणि सेव्ह दाबलं की पैसे. आजीचा फोटो समोर दिसतोय आणि त्यावर कुलूप. इतका राग आला मला! पण एक मात्र झालं, डेटा आत आहे हे कळलं.

मग फोटोरेक. हे टेस्टडिस्क नावाच्या दुसऱ्या टूलबरोबर एकाच झिपमध्ये येतं, दोन्ही फुकट, ओपन सोर्स. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन (सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असे डिस्कचे भाग) शोधायला, फोटोरेक फाईल्स शोधायला. इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडायची आणि चालवायचं. नाव फोटो असलं तरी फक्त फोटोंसाठी नाही, 480 पेक्षा जास्त प्रकारची एक्सटेन्शन्स ओळखतं, वर्ड, पीडीएफ, एमपीथ्री, व्हिडिओ सगळं.

दिसायला मात्र भयंकर. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊस चालत नाही, ॲरो आणि एंटर. मला पहिल्यांदा वाटलं आता काही चुकीचं दाबलं तर दादाची पण डिस्क जाईल. पण खरं सांगायचं तर ते ज्या डिस्कवर शोधतं तिच्यावर काही लिहीतच नाही, फक्त वाचतं, त्यामुळे भीती तेवढी नाही. ज्यांना काळी स्क्रीन नकोच त्यांच्यासाठी त्याच झिपमध्ये क्यूफोटोरेक आहे, तिथे खिडकी, बटणं सगळं आहे. हे मला दोन दिवसांनी कळलं, च्च.

मुख्य प्रश्न तीन विचारतं. कुठली डिस्क, फाईल सिस्टम कुठली (म्हणजे डिस्कवर फाईल्सच्या नोंदी ठेवायची पद्धत, विंडोजवाल्यांनी ‘अदर’ घ्यायचं), आणि ‘फ्री’ की ‘होल’. इथे मी माती खाल्ली. मला वाटलं होल म्हणजे पूर्ण, पूर्ण म्हणजे चांगलं. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी बघते तर हजारो हजार फाईल्स, आणि उघडावं तर विंडोजचेच आयकॉन, बाण, कचऱ्याचा डबा, त्या टाईल्सवरची चित्रं! कारण होलमध्ये ते नव्याने बसलेल्या विंडोजच्या फाईल्स पण उकरून काढतं. फ्री घेतलं की फक्त सध्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत शोधतं, आणि आपला जुना माल तिथेच असतो. होल तेव्हा घ्यायचं जेव्हा फाईल सिस्टमच बिघडलीय. सगळं डिलीट करून रात्री परत फ्रीवर लावलं. त्याआधी ‘फाईल ऑप्ट’मध्ये जाऊन एस दाबला की सगळे प्रकार अनटिक होतात, मग आपल्याला हवे तेवढेच टिक करायचे, मी जेपीजी, एमपीथ्री, पीडीएफ, झिप (वर्डच्या फाईल्स त्या यादीत झिपखाली येतात) आणि व्हिडिओ एवढेच ठेवले.

आणि हो, मिळालेलं सेव्ह करायला वेगळी डिस्क लागते, त्याच डिस्कवर करायचं नाही, म्हणजे ज्या विहिरीतून गाळ काढताय त्याच विहिरीत परत टाकण्यासारखं ते. मी 1 टीबीची बाहेरची डिस्क वापरली. मध्ये एकदा केसिंगची वायर हलली आणि थांबलं, तर परत चालू केल्यावर मागचं सेशन पुढे न्यायचं का असं विचारलं. हे आवडलं.

साधारण नऊ तासांनी 31 हजार फाईल्स. आता खरी गंमत.

फोटोरेकला तुमच्या फोल्डरचं, नावाचं काहीही पडलेलं नाही. ते जुनी नोंदवही बघतच नाही, थेट डिस्कवरचे बाइट वाचत जातं, इथे जेपीजीची सुरुवात दिसली, उचल, इथे पीडीएफची सुरुवात दिसली, उचल. म्हणूनच फॉरमॅट झालेल्या डिस्कवर पण चालतं. पण मग नावं येतात अशी: एफ आणि पुढे सात-आठ आकडे. आणि सगळं 500-500 फाईल्सच्या ‘रिकप डिर 1’, ‘रिकप डिर 2’ अशा फोल्डरांत. मी बारा वर्षं ‘ताईचं लग्न’, ‘सहल’, ‘बाबांची कागदपत्रं’ असं लावून ठेवलेलं सगळं एका ढिगात. घर हलवताना कुणीतरी सगळ्या डब्यांची लेबलं काढून टाकल्यासारखं.

लावायला मी काय केलं ते सांगते. फोटोंना साईजप्रमाणे लावलं, 50 केबीच्या खालचे बहुतेक ब्राउझरचा कचरा, ते बाजूला (डिलीट नाही केले, फक्त बाजूला). मग एक्सप्लोररमध्ये ‘डेट टेकन’ कॉलम लावला, कॅमेऱ्याने फोटोच्या आत तारीख लिहिलेली असते ती टिकते, त्यामुळे लग्न वगैरे आपोआप एकत्र आलं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत ती तारीख नसतेच, ते बसून बघावे लागतात. वर्डच्या फाईल्ससाठी सर्चमध्ये ‘फाईल कंटेंट्स’ चालू करून आतला मराठी शब्द टाकला, ‘वारसनोंद’ टाकलं आणि बाबांचा अर्ज पटकन आला.

फोटो बहुतेक सगळे मिळाले, काही अर्धे राखाडी. एमपीथ्री चांगले आले. व्हिडिओंचं मात्र वाईट, मोठी फाईल डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पडलेली असते आणि फोटोरेक सहसा सलग वाचतं, त्यामुळे लांब व्हिडिओंतले निम्मे चालत नाहीत. आणि डिस्कच्या ज्या भागावर नवीन विंडोज आणि ती मेली अपडेटं बसली तिथलं गेलं ते गेलंच.

मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाईल रिकव्हरी पण करून बघितलं, स्टोअरवर फुकट आहे, विंडोज 10 ची 2004 नंबरची आवृत्ती (साल नव्हे) किंवा पुढचं लागतं. पण ते पूर्ण कमांडवर, एक स्लॅश चुकला की नाही म्हणतं. त्याचा फायदा असा की जुनी नोंद जिथे शिल्लक असेल तिथे नावासकट देतं. माझ्या डिस्कवर थोड्याच फाईल्स अशा आल्या, त्यात मराठी नावांच्या जागी काळ्या स्क्रीनवर नुसते चौकोन दिसत होते, पण सेव्ह झाल्यावर नाव नीट होतं. नुसती फाईल डिलीट झाली असेल, फॉरमॅट नाही, तर आधी हे आणि मग फोटोरेक असा क्रम घ्या.

आता ज्यांच्याकडे एसएसडी (साध्या हार्ड डिस्कऐवजी चिपवाली नवी डिस्क) आहे त्यांना. तिथे गणित वेगळं. विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ नावाचा आदेश पाठवतं, ही जागा आता रिकामी समज, आणि मग डिस्क ती खरोखर साफ करते. त्यानंतर फोटोरेकला तिथे नुसती शून्यं वाचायला मिळतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल आणि रिसेट झाला असेल तर त्याहून अवघड, जुना डेटा कुलपात आणि ती 48 आकडी जुनी किल्लीही नव्या सेटअपला लागू नाही. माझी डिस्क जुनाट होती म्हणून मी वाचले.

पण सगळ्यांनाच एवढं करावं लागत नाही. याच्यानंतर पंधरा दिवसांनी मावशीचा फोन, तिच्या लॅपटॉपचं पण असंच, रिस्टोअर केलं आणि सगळं गायब. मी काळी स्क्रीन, केसिंग सगळं घेऊन गेले. गेल्यावर सी ड्राइव्ह उघडला तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर, त्यात यूजर्स, त्यात तिचं नाव, त्यात सगळं जसंच्या तसं. परमिशन नाही म्हणालं, कंटिन्यू दाबलं, उघडलं. हा फोल्डर साधारण 10 दिवसांनी विंडोज आपणहून काढून टाकतं, तिचा सहावा दिवस होता. डेस्कटॉपवरच्या काही फाईल्स तिथेही नव्हत्या, त्या वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणीची जागा) निघाल्या, कारण तिने कधीतरी बॅकअपला हो म्हटलं होतं आणि तेव्हापासून तिचा डेस्कटॉप तिथे राहायला गेला होता. दहा मिनिटांचं काम, आणि मावशीने मला इंजिनिअर ठरवून टाकलं.

मार्क द्यायचे तर फोटोरेकला पाचपैकी चार. एक कापला तो नावांसाठी नाही, ते त्याच्या कामाच्या पद्धतीतच बसत नाही. कापला तो होल आणि फ्रीमधला फरक स्क्रीनवरच जरा साध्या शब्दांत सांगितला असता तर माझी एक रात्र वाचली असती म्हणून.

63 फोल्डरांतले 44 बघून झालेत. आजीच्या ओव्या एकोणिसाव्यात सापडल्या, सातपैकी सहा, सातवी अजून नाही. रोज रात्री जेवण झालं की दोन फोल्डर उघडते.