दोघांचं बीपी यंत्र: बटण 1 त्यांचं, बटण 2 तुमचं

हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय किंवा अँजिओप्लास्टी झालीय अशा घरात बीपी यंत्र घेताना मनगटाचं नको, दंडाचंच घ्या. त्यातही दोन माणसांची वेगळी मेमरी असलेलं, थोडं महाग पडलं तरी. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने डोक्यावर उभं राहायचं, यातून कटकट वाढते. दोघांनी मोजलं की टळते. शिवाय जोडीदाराचं लपलेलं बीपीही यात सापडू शकतं.

दुकानात जाण्याआधी शिवणाच्या टेपने दोघांच्या दंडाचा मधला घेर मोजा. बऱ्याच यंत्रांसोबतचा पट्टा 22 ते 32 सेंमीचा असतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, छोटा पट्टा आकडा खोटाच वाढवतो.

पट्टा जोडीदाराने बांधावा. एका हाताने तो नीट आवळला जात नाही. खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंमी वर, नळी हाताच्या आतून. झब्ब्याची बाही वर गुंडाळू नका, हात बाहेर काढा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. इथेच घोटाळा होतो. पट्टा फुगत असतानाच विचारलं जातं, "अहो, काल मिसळीवर दोनदा सॅम्पल घेतलंत ना?" बोलण्याने वरचा आकडा सहज दहाएक अंकांनी चढतो. प्रश्न नंतर विचारा.

सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस असं मोजून वहीत लिहा. घरच्या मोजणीत सरासरी 135/85 किंवा त्याच्या वर असेल तर दाखवा. गोळी मनाने बदलू नका.

यंत्राची खोड एकच: बटण बदलायचं विसरलं की दोघांचे आकडे एकत्र होतात, सरासरी वाया जाते. वही हवी ती म्हणूनच. नाडी अनियमित असेल तर आकड्यावर फार विसंबू नका.

वहीच्या मागच्या पानावर मिठाची पिशवी फोडल्याची तारीख लिहा. माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत धरलं तर दोघांना किलोभर मीठ 100 दिवसांहून जास्त पुरलं पाहिजे. पापड, लोणचं, खारी यांतलं मीठ वेगळं, म्हणून चार महिने पुरलं तर उत्तम.

छातीत दुखत असेल, घाम सुटला असेल तर पट्टा शोधत बसू नका, 108 लावा.