लिबरऑफिस कॅल्क: प्रयोगवहीच्या आलेखांसाठी कितपत कामाचं?

अकरावी-बारावी आणि बीएस्सीच्या प्रयोगवहीला लागणारे बहुतेक आलेख लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये निघतात, तेही फुकट. गोची होते ती ‘लाइन’ या चार्टच्या प्रकारात. नावावरून रेषालेखासाठी हाच निवडावासा वाटतो, आणि मोजमापांच्या आलेखाला नेमका हाच चालत नाही.

साधा दोलक घ्या. लांबी ०.४, ०.५, ०.६, ०.८, १.२ मीटर, आवर्तकालाचा वर्ग १.६१, २.०१, २.४२, ३.२२, ४.८३ सेकंद². ‘लाइन’ प्रकार लांबीला नुसतं लेबल समजतो आणि पाचही बिंदू सारख्या अंतरावर मांडतो. सरळ रेषा यायची तिथे वर वळलेली रेषा दिसते. त्यावर ट्रेंड लाइन (सगळ्या बिंदूंना सर्वात जवळून जाणारी सरळ रेषा) काढली तर क्ष-किमती १, २, ३, ४, ५ धरल्या जातात, चढ सुमारे ०.७६५ येतो आणि ४π² ला त्याने भागलं की गुरुत्वीय त्वरण ५१.६! तेच आकडे ‘एक्सवाय (स्कॅटर)’ मध्ये टाका: चढ ४.०३, त्वरण ९.८.

स्कॅटर निवडूनही हेच घडू शकतं. रकान्यात ‘०.४ मी’ असं एककासह टाइप केलं की तो मजकूर होतो, आणि क्ष-किमती पुन्हा १, २, ३. ओळखायची खूण सोपी: आकडा घराच्या (सेलच्या) उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. एकक फक्त शीर्षकात लिहा. १.५० चं १.५ होतं, तेव्हा ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये दशांश स्थळं २ करा; उपकरणाची अचूकता तक्त्यात दिसायला हवी.

‘स्मूद’ रेषा टाळा. ती प्रत्येक बिंदूतून जाण्यासाठी नसलेले चढउतार तयार करते. आलेखातल्या बिंदूंच्या मालिकेवर राइट-क्लिक करून ‘इन्सर्ट ट्रेंड लाइन’ घ्या, ‘शो इक्वेशन’वर खूण करा.

कॅल्कची खरी ताकद मात्र लाइनएस्ट (LINEST) या सूत्रात आहे. शेवटचे दोन्ही पर्याय १ ठेवून, कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबलं की पाच ओळींचा तक्ता येतो: पहिल्या ओळीत चढ आणि छेद (रेषा वाय-अक्षाला जिथे कापते ती किंमत), दुसरीत त्या दोन्हींच्या प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर). चढातली त्रुटी हाताने काढलेल्या आलेखावरून इतक्या सहज मिळत नाही. बिंदूंवर त्रुटी दाखवणाऱ्या रेघा, म्हणजे एरर बारही आहेत, आणि ‘सेल रेंज’ दिली तर प्रत्येक बिंदूला वेगळी त्रुटी दाखवता येते.

भूगोलाच्या पर्जन्य-तापमान आलेखाला ‘कॉलम अँड लाइन’ घ्या. तापमानाच्या मालिकेला ‘ऑप्शन्स’ टॅबमधून दुय्यम वाय-अक्ष द्यावा लागतो. नाहीतर शेकडो मिलिमीटर पावसापुढे २५-३० अंशांची रेषा तळाशी सपाट पडते. स्तंभांचा अक्ष शून्यापासून सुरू आहे ना, हे ‘स्केल’मध्ये जाऊन स्वतः पाहा.

पाय चार्ट दिसतो छान, पण हवेतल्या घटकांसाठी कुचकामी: नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१, आणि ०.९३ टक्क्याचा आरगॉन केसाएवढा. तिथे तक्ताच बरा.

आलेखकागदासारखं ‘१ सेमी = ०.१ मीटर’ हे प्रमाण कॅल्क आपणहून लिहीत नाही. एफ४ कळ दाबून ठरवलेली रुंदी अख्ख्या चार्टची असते, अक्षाची नव्हे. प्रमाण मोजून गुण देणाऱ्या परीक्षेसाठी मिलिमीटरचा कागद आणि पेन्सिलच वापरा.